मनिऑर्डर कोणाच्या नांवें ? कोंकणांतील परगमन व घरांतील स्त्रीच्या शब्दाचें वजन

रत्नागिरी जिल्ह्याविषयीं ज्यांनीं ज्यांनीं लिहिलें आहे त्यांपैकीं बहुतेकांनीं एक गोष्ट आवर्जून नमूद केलेली आढळते. ती ही कीं, पुरुष मुंबईस आणि बायका गांवीं अशी संसाराची वांटणी तेथें पिढ्यान् पिढ्या चालत आल्यामुळें कोंकणांतला संसार हा मुख्यतः बायकांनीं चालविलेला संसार होय; आणि म्हणून कोंकणी स्त्री ही देशावरील स्त्रीपेक्षां अधिक स्वतंत्र व अधिकारसंपन्न होय. यांतील हेतु खरा आहे, साध्य मात्र तपासून घ्यावयास हवें. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें व्याप्ति सिद्ध झालेली नाहीं. घरधनी दूर असला म्हणजे त्याचा अधिकार घरधनिणीकडे येतोच असा नियम कोठें आहे ? तो सासऱ्याकडे जाईल, थोरल्या दिराकडे जाईल, सासूकडे जाईल. किंवा पत्रांतून व मनिऑर्डरींतून तो मुंबईहूनच चालेल. भार एकीवर आणि अधिकार दुसऱ्याकडे, ही स्थिति जगांत दुर्मिळ नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार धर्मशास्त्र, पोस्टाची व्यवहारपद्धति आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या कांहीं गोष्टी यांच्या आधारें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या परगमनाचा आवांका थोडक्यांत सांगतों; तो वाचकांस परिचितच आहे. डोंगराळ जमीन, भाताचीं खाचरें थोडीं, बाकी नागली-वरीची वरकस. त्यावर खोताचा मक्ता. अशा प्रदेशांतून माणसें बाहेर पडणें अपरिहार्यच होतें. मुंबई सरकारच्या फौजेंत कोंकणी शिपाई पूर्वीपासून होताच. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापडाची पहिली गिरणी काढण्याचा उपक्रम केल्यानंतर दुसरी वाट मोकळी झाली. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरांतच जिल्ह्यांतून लाखावर माणसें कामासाठीं मुंबईस जातात असें म्हटलेलें आहे. १९११ व १९२१ या दोन्ही खानेसुमाऱ्यांच्या वेळीं मुंबईच्या वस्तींतील सुमारें पंचमांश लोक रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. त्याच सुमारास मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सव्वापांचशेंच्या आसपास. उलट रत्नागिरींत स्त्रियांचीच संख्या सतत अधिक. २०११ च्या जनगणनेंतही तेथें हजार पुरुषांस ११२२ स्त्रिया आढळल्या. मुंबईंत एका खोलींत एकाच गांवचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीनें निजत, तेथें बायको नेणार कोठें ? शिवाय गांवचें खाचर कसलें नाहीं तर कुळाचा हक्कच जावयाचा. त्यामुळें बायकोनें गांवीं राहणें ही नुसती रूढि नव्हती, ती जमिनीवरील हक्काची राखण होती. आणि ही राखण बिनपगारी होती.

आतां या विषयाची परिभाषा. अर्थशास्त्रज्ञ पूर्वीं कुटुंब हें एकच मन असलेलें एक माणूस आहे असें धरून चालत. गॅरी बेकर यांच्या १९८१ च्या ग्रंथांत कुटुंबप्रमुख सर्वांच्या हिताची चिंता वाहतो आणि म्हणून सर्वांचें वर्तन एकाच दिशेनें होतें, असें प्रतिपादन आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणासही हें वाचून थोडें हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. त्याच सुमारास मॅन्सर व ब्राउन यांनीं १९८० सालीं आणि मॅकेल्रॉय व हॉर्नी यांनीं १९८१ सालीं दुसरा पक्ष मांडला : कुटुंब ही एक वाटाघाट आहे, आणि त्या वाटाघाटींत ज्याला घराबाहेर पडून निभाव लावतां येईल त्याच्या शब्दाला घरांत वजन येतें. लुंडबर्ग व पोलक यांनीं १९९३ सालीं यांत एक बारकावा घातला. घर मोडण्यापर्यंत गोष्ट बहुधा जात नाहीं. घर न मोडतां आपापलें काम तेवढें करून अबोला धरणें, हीच खरी धमकी असते. हें तर आमच्या घरोघरच्या बायकांस शास्त्र न वाचतां ठाऊक होतें. अमर्त्य सेन यांनीं आणखी एक सूक्ष्म गोष्ट दाखविली : घरांत कोण किती भर घालतो यापेक्षां कोण किती भर घालतो असें *घराला वाटतें* यावर त्याचें वजन ठरतें. लावणी, बेणणी, कापणी, कांडण, लाकूडफांटा आणि पाणी हें सारें एका बाजूस, आणि महिन्याअखेर येणाऱ्या वीस रुपयांच्या नोटा दुसऱ्या बाजूस. यांपैकीं 'घर कोणाच्या जिवावर चाललें आहे' याचें उत्तर कोंकणांत सर्वत्र एकच मिळत असे. कणगींतलें भात तिच्या हातचें, पण तें 'घरचें'. नोट मात्र 'त्याची'.

हा विचार अगदीं नवा आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. परगांवीं गेलेल्या पतीची पत्नी, म्हणजे प्रोषितभर्तृका, हिला काव्यांत नायिकाभेदांतील एक म्हणून सर्वजण ओळखतात. विरहानें कृश झालेली, दिवस मोजणारी. परंतु स्मृतिकारांनीं तिच्याकडे अधिक व्यावहारिक दृष्टीनें पाहिलें होतें. मनूनें नवव्या अध्यायांत (९.७४-७६) तीन गोष्टी सांगितल्या आहेत. कामानिमित्त जाणाऱ्या पुरुषानें बायकोच्या वृत्तीची तरतूद करून मगच जावें. तरतूद करून गेला असेल तर तिनें नियमानें राहावें, न करितां गेला असेल तर अनिंद्य अशा हस्तकौशल्यावर निर्वाह करावा. आणि धर्मकार्यार्थ गेलेल्याची आठ वर्षें, विद्येसाठीं वा कीर्तीसाठीं गेलेल्याची सहा, व कामार्थ गेलेल्याची तीन वर्षें वाट पाहावी. धर्म, विद्या, यश, काम ही यादी वाचतांना मला नेहमीं एक प्रश्न पडत आला आहे : पोटासाठीं गेलेल्याचें काय ? गिरणींत साचा चालविण्यासाठीं तीस वर्षें जाऊन राहणारा पुरुष या यादींत कोठेंच बसत नाहीं. पहिल्या श्लोकांत 'कार्यवान्' असें सामान्य पद आहे, त्यांत तो येईल. पण त्याची वाट किती वर्षें पाहावी हें मनु सांगत नाहीं. कोंकणांतल्या बायकांनींही तो प्रश्न विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

याज्ञवल्क्यानें प्रोषितभर्तृकेस क्रीडा, अंगसंस्कार, मेळे व उत्सव पाहणें, हास्य आणि परगृहीं जाणें वर्ज्य सांगितलें आहे (१.८४), हें सर्वविदित आहे. त्याच्याच पुढें दोन श्लोकांवर असलेलें वचन मात्र प्रस्तुत विषयास अधिक महत्त्वाचें आहे आणि त्याकडे लक्ष गेलेलें दिसत नाहीं. पति जवळ नसतां स्त्रीनें पिता, माता, पुत्र, भ्राता, सासू, सासरा, मामा यांच्यावांचून राहूं नये, राहिल्यास ती निंदेस पात्र होते, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे पति दूर गेल्यानें जी जागा रिकामी होते ती स्त्रीनें भरावयाची नसून दुसऱ्या कोणीतरी भरावयाची, हा स्मृतीचा स्पष्ट संकेत आहे. कोंकणांत ही जागा सासू-सासऱ्यांनीं किंवा थोरल्या दिरानें भरली. ज्यांस 'पुरुष गेला म्हणजे बायको धनीण झाली' असें वाटतें त्यांनीं हा श्लोक अवश्य पाहावा.

कौटिल्याची दृष्टि याहून निराळी आहे. धर्मस्थीयांत (३.४) अल्पकाळ प्रवासास गेलेल्यांच्या स्त्रियांनीं वर्णक्रमानें एकेक वर्ष वाढत्या मुदतीनें वाट पाहावी, मूल झालेलीनें आणखी वर्षभर, असें सांगून तो म्हणतो कीं, ज्यांच्या निर्वाहाची सोय करून ठेविली आहे त्यांनीं दुप्पट काळ थांबावें. ज्यांची सोय केलेली नाहीं त्यांस सुस्थितींतील लोकांनीं पोसावें, त्यानंतर ज्ञातींनीं चार किंवा आठ वर्षें. आणि मग लग्नांत दिलेलें परत घेऊन त्यांस मोकळें करावें. यांतील मर्म असें कीं, बायकोनें किती काळ बांधलेलें राहावयाचें हें पतीनें पाठविलेल्या किंवा ठेविलेल्या पैशावर अवलंबून आहे. जो पोसतो त्याची मुदत दुप्पट. ज्याला आजचे पंडित 'बाहेरचा पर्याय' म्हणतात तो कौटिल्यानें वर्षांच्या हिशेबांत मांडून ठेविला आहे.

कर्जाच्या बाबतींत तर स्मृतिकार अधिकच उघड बोलतात. बायकोनें केलेलें ऋण पतीनें फेडूं नये, हा सामान्य नियम, परंतु तें कुटुंबासाठीं केलेलें असेल तर फेडावें, असा अपवाद याज्ञवल्क्यानें तेथेंच दिला आहे (२.४६). मनूही सांगतो कीं, कुटुंबासाठीं परतंत्र माणसानें जरी एखादा व्यवहार केला तरी घरच्या मुख्यानें, तो स्वदेशीं असो वा परदेशीं, तो मोडूं नये (८.१६७). 'परदेशीं असो' हे शब्द वाचतांना मला आमच्या बंदरावरील वाण्याचें दुकान आठवतें. जून लागला कीं आगबोटी बंद होत. आगोटीपूर्वीं मीठ, मिरची, रॉकेल, गूळ हें सारें भरून ठेवावें लागे, आणि ती बेगमी उधारीवर होई. वही वाण्याची, नांव नवऱ्याचें, उधार नेणारी बायको. फेडणारा मुंबईस. मनूचा नियम त्या वाण्यास ठाऊक नसेल, पण तो त्याच नियमावर धंदा करीत होता.

याच प्रकरणांत याज्ञवल्क्याचें आणखी एक वचन आहे (२.४८). गवळी, कलाल, नट, परीट व पारधी यांच्या बायकांनीं केलेलें ऋण त्यांच्या पतींनीं फेडलेंच पाहिजे, कारण त्यांची उपजीविका त्या बायकांवर अवलंबून असते. यावर विज्ञानेश्वर म्हणतो कीं, ज्या अर्थीं स्मृतीनें कारण दिलें आहे त्या अर्थीं नियम या पांच जातींपुरता नाहीं. बायकांच्या आधारें जगणारे दुसरेही जे कोणी असतील त्यांस तो लागू. इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवर कल्याणी येथें बसून लिहिणाऱ्या या टीकाकारानें किती मोठी गोष्ट सहज म्हणून टाकली आहे ! ज्या घराचें पोट बायकोच्या कामावर चालतें त्या घरांत बायकोच्या सहीला किंमत आहे. मग भाताचें पीक ज्या घरांत सर्वस्वीं तिच्या कष्टावर उभें राहतें तें घर या नियमांत कां येऊं नये ? जाणकारांस ठाऊकच आहे कीं, रत्नागिरी जिल्ह्यांत मिताक्षरेसच अग्रमान. मुंबई बेटांत मात्र कित्येक मुद्द्यांवर व्यवहारमयूख वरचढ. परंतु स्थलांतर करणारें कुटुंब आपला मूळचा शास्त्रग्रंथ बरोबर घेऊन जातें असें न्यायालयें मानीत. तेव्हां बोटींतून भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या गड्याच्या वळकटींत मिताक्षरा होतीच म्हणावयाची, मग त्याला अक्षरओळख असो वा नसो.

शास्त्राचा हा भाग येथेंच सोडून पोस्टाकडे वळूं. १८८० सालच्या आरंभीं मनिऑर्डरीचें काम सरकारी खजिन्यांकडून पोस्टखात्याकडे आलें. तत्पूर्वीं पैसा गांवीं येई तो जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कंबरेच्या कशांतून, किंवा माणूस स्वतः शिमग्यास वा गणपतीस येई तेव्हां. या दोन पद्धतींतील भेद वाटतो त्याहून मोठा आहे. हातानें आणलेला पैसा घरांत पडे. कोणाच्या हातावर तो ठेविला हें चार भिंतींआड राही. मनिऑर्डरीवर मात्र घेणाराचें नांव लिहावें लागे. त्या एका ओळीनें पाठविणारास दर खेपेस ठरवावें लागलें कीं, घरांत पैशाचा मालक कोण. फॉर्माच्या तळाशीं मजकुरासाठीं एक लहान कूपन असे. आणि घेणाराची सही किंवा आंगठा घेतलेली पोंच पाठविणाराकडे परत जाई. आंगठा असल्यास साक्षीदार लागे. एवंच, घरांतील अधिकाराची नोंद दर महिन्यास सरकारी कागदावर होऊं लागली. आमच्या इतिहासांत सामान्य कुटुंबाच्या आंतल्या व्यवहाराचा इतका नियमित कागद दुसरा क्वचित् असेल.

या कागदाशीं माझा लहानपणापासून संबंध आला. माझे वडील खाडीकांठच्या एका गांवीं शाळामास्तर असून पोस्टाची शाखाही त्यांजकडेच होती. त्या काळीं खेड्यापाड्यांत ही जोड सर्रास असे. शाळेच्या पडवींत एक लांकडी पेटी, तराजू आणि शिक्का, एवढेंच पोस्ट. मनिऑर्डर आली तरी रोकड तालुक्याहून येईपर्यंत कित्येकदां थांबावें लागे, आणि बायका पडवीच्या पायरीवर बसून राहत. त्यांपैकीं पुष्कळजणी स्वतःच्या नांवची मनिऑर्डर घेण्यास आलेल्या नसत. सासऱ्याच्या नांवची आली किंवा नाहीं, आणि आली असल्यास कितीची, एवढेंच विचारावयास येत. वडील सांगत नसत. नियमाप्रमाणें तें योग्यच होतें. पण सहा-सात मैल लांब असलेल्या माहेरीं जायचें तर बोटभर तेलासाठींही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागणाऱ्या त्या बायकांना नवऱ्याचा पगार हें पोस्टाचें गुपित होतें, ही गोष्ट मला त्या वयांतही चमत्कारिक वाटे.

१९७० च्या सुमाराची एक हकीकत सांगतों. स्मृति हा दुय्यम पुरावा आहे हें मी जाणतों. पण या विषयाचा मुख्य पुरावा बहुतेक चुलींत गेला आहे. आमच्या शेजारच्या घरीं दोघे भाऊ. थोरले गांवीं, धाकटे परळला गिरणींत. मनिऑर्डर थोरल्यांच्या नांवें येई, आणि एकत्र घराच्या रीतीप्रमाणें तें सर्वांसच बरोबर वाटे. धाकट्या काकींची मुलगी चौथी पास झाली. पुढील शिक्षणासाठीं तिला तालुक्याच्या गांवीं मावशीकडे ठेवावें असें काकींच्या मनांत. थोरल्यांनीं नकार दिला. ते दुष्ट नव्हते. घरांत आठ माणसें खाणारीं, आणि मुलीच्या शिक्षणास खर्च करणें हें त्यांच्या हिशेबांत कोठेंच बसत नव्हतें. एके दुपारीं वडील परसांत असतां काकी आल्या. पोस्टकार्ड कोणीही वाचूं शकतो म्हणून त्यांनीं मुद्दाम आंतरदेशीय पत्र आणलें होतें. मी दहा वर्षांचा, अक्षर बरें. त्यांनीं सांगितलें तें मी लिहिलें : मुलीची हकीकत, भाताची हकीकत, आणि शेवटीं, पुढची मनिऑर्डर माझ्या नांवें करावी. हें शेवटचें वाक्य सांगतांना त्या बराच वेळ थांबल्या होत्या.

दोन महिन्यांनीं मनिऑर्डर त्यांच्या नांवें आली. वडिलांनीं नोटा मोजून त्यांच्या हातावर ठेविल्या, आंगठा घेतला, साक्षीला वाण्यास बोलाविलें. थोरले शाळेच्या अंगणांत उभे होते. पडवींत आले नाहींत. त्या वर्षीं मुलगी शाळेंत गेली. शिमग्यापूर्वीं चुली वेगळ्या झाल्या. आणि पावसाळा लागल्यावर थोरल्यांनीं जोत दिलें नाहीं. नांगर धरणें हें बाईचें काम नव्हे, असा तिकडचा दंडक. काकींनीं सर्व गांवांत विनवण्या केल्या तेव्हां कोणाचे तरी बैल चार दिवसांनीं मोकळे झाले आणि लावणी उशिरां होऊन पीक अर्धें आलें. पत्र कोणीं लिहिलें हें कळल्यावर वडिलांनीं मला मारलें नाहीं, परंतु पोस्टमास्तराच्या मुलानें दुसऱ्याच्या घरांत हात घालूं नये असें सांगितलें. मी घर मोडलें कीं मुलीस शाळेंत घातलें, याचा निर्णय मला आजवर झालेला नाहीं. ती मुलगी पुढें परिचारिका झाली, इतकें नमूद करतों.

या हकीकतींतून निघणारी पहिली गोष्ट उघड आहे. रक्कम तीच होती, पाठविणारा तोच, बदललें तें नांव, आणि नांवाबरोबर खर्चाची दिशा बदलली. हें एका घरापुरतें नाहीं. इंग्लंडांत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या संगोपनाचा भत्ता बापाच्या वेतनांतून काढून आईच्या हातीं देण्यांत आला. लुंडबर्ग, पोलक व वेल्स यांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें कीं, त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या मानानें बायकांच्या व मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढला. ब्राझीलविषयीं डंकन टॉमस यांनीं १९९० सालीं असेंच दाखविलें कीं, आईच्या हातीं आलेल्या पैशाचा मुलांच्या जगण्यावर होणारा परिणाम बापाच्या हातच्या पैशाहून कितीतरी पट मोठा असतो. आमच्या काकींस परळहून आलेल्या कागदानें जें मिळालें तें हेंच.

दुसरी गोष्ट तितकी उघड नाहीं. काकींचा अधिकार नवऱ्याच्या लेखणींतून आला. त्यानें नांव घातलें म्हणून तो आला. त्यानें खोडलें असतें तर गेला असता. आणि पैसा हातीं आला तरी नांगर हातीं आला नाहीं. जमीन, बैल आणि भाऊबंदकी या तिन्ही ठिकाणीं ती पूर्वीइतकीच परस्वाधीन राहिली. सोनल्दे देसाई व मंजिष्ठा बॅनर्जी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, सबंध हिंदुस्थानांतील कुटुंबांच्या पाहणीवरून, असाच निष्कर्ष काढला आहे : नवरा परगांवीं गेलेली स्त्री वेगळ्या चुलीवर असेल तर तिचा अधिकार वाढतो व त्याबरोबर तिचा भारही वाढतो, ती एकत्र कुटुंबांत असेल तर दोन्ही गोष्टी घडत नाहींत. केरळांतून आखाती देशांत गेलेल्या पुरुषांच्या बायकांविषयीं लीला गुलाटी यांनीं १९९३ सालीं लिहिलेल्या पुस्तकांतही बँकेंत जावयास, पत्र लिहावयास, पैशाचा हिशेब ठेवावयास शिकलेल्या स्त्रिया भेटतात. परंतु त्याही प्रथम सासरच्या माणसांच्या हाताखालीं काढलेल्या दिवसांतून गेलेल्या. याज्ञवल्क्यानें रिकामी जागा कोणीं भरावयाची याची जी यादी दिली ती अजून निरर्थक झालेली नाहीं, असें म्हणावें लागतें.

कायद्यानें यांत काय बदललें ? १८८० च्या खोती कायद्यानें कुळांस कांहीं संरक्षण दिलें, १९४९ च्या कायद्यानें खोतीच गेली. पण उताऱ्यावर नांव चढलें तें बहुधा पुरुषाचें, मुंबईंत राहणाऱ्या कां होईना. १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवेस व मुलीस वाटा दिला. १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं मध्यवर्ती सरकारनें मुलीस जन्मतः सहदायाद केलें. बायको मात्र नवऱ्याच्या हयातींत सहदायाद नाहीं. जमीन राखणारी ती आणि सातबारावर तो, ही स्थिति विधवा झाल्यानंतर पालटते. राखणीचें वेतन मिळण्यासाठीं धनी मरावा लागतो, हा न्याय विज्ञानेश्वरास पटला असता असें मला वाटत नाहीं.

मुंबईकडील बाजू थोडक्यांत सांगतों, कारण ती दुसऱ्या लेखाचा विषय आहे. ज्या थोड्या बायका मुंबईस गेल्या त्यांपैकीं पुष्कळजणींनीं गिरणगांवांत खाणावळी चालविल्या. दहा-बारा चाकरमान्यांस दोन वेळचें जेवूं घालावयाचें, पैसे पगाराच्या दिवशीं. यांच्या हातीं रोकड होती, पण सावकाराचें व्याजही होतें. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें, तें त्यांच्या स्वतःच्या सहीवर. याज्ञवल्क्याच्या कलालिणीस व परटिणीस जी किंमत होती ती येथें पुनः मिळाली, फरक इतकाच कीं आतां ऋण फेडणारीही तीच.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कोंकणांतले कित्येकजण त्या उन्हाळ्यांत गांवीं परतले. मी तेव्हां नुकताच शिक्षक झालों होतों. मनिऑर्डरी थांबल्या, कणगींतल्या भातावर घरें चाललीं. तें भात कोणाच्या हातचें हें त्या एका वर्षीं सर्वांस दिसलें. घरांत बसलेल्या पुरुषांचा आवाज त्यामुळें खालीं आला असें मात्र मी पाहिलें नाहीं. कित्येक घरांत तो अधिकच चढला. दोन पावसाळे त्यांनीं नांगर धरला, आणि वर्षानुवर्षें शेताचा सारा निर्णय करणाऱ्या बायकांस बी कोणतें पेरावयाचें हें पुनः विचारावें लागलें. पति दूर गेल्यानें अधिकार मिळतो कीं नाहीं याचा विचार पुष्कळांनीं केला आहे. पति परत आल्यानें किती जातो याचाही कोणीतरी करावा.

आतां मनिऑर्डरीचें काम बहुतेक बँकेच्या खात्यांनीं घेतलें आहे, आणि खात्यांत कोणाचें नांव आहे हें बाहेरच्यास दिसत नाहीं. जुन्या पोंचा मात्र अद्याप मुंबईच्या चाळींतील ट्रंकांत आणि गांवच्या माळ्यावर असूं शकतील, कारण पैसे पोंचल्याचा पुरावा म्हणून पुष्कळ गडी त्या तारेंत ओंवून ठेवीत. ज्या वाचकांच्या घरीं अशा पोंचा किंवा कूपनें असतील त्यांनीं त्यांवरील तारीख, रक्कम, घेणाराचें पाठविणाराशीं असलेलें नातें आणि सही कीं आंगठा, एवढ्या चार गोष्टी उतरून मंडळाकडे पाठवाव्या अशी विनंति आहे. नांवें कळविण्याची आवश्यकता नाहीं. सासऱ्याचें किंवा दिराचें नांव जाऊन बायकोचें नांव कोणत्या सालीं आलें, हें मिळाल्यास विशेष उपयोग होईल.